तू दिलेला कौल

शिवलिंग,

पेपरात तुझा फोटो आला. खाली 'लिंगैक्य' छापलंय, तुमच्यात निधनाला म्हणतात तसं. उमरग्यात हायवेला तुझी रक्त तपासायची लॅब होती, तू मनमिळाऊ होतास, मागं आई, पत्नी, एक मुलगी असा परिवार आहे, एवढंच. मजकूर तुझ्या मेव्हण्यानं दिला, त्याचा काही दोष नाही. रविवारी दुपारी दोन ते सहा तू काय करायचास हे त्याला सांगूनही कळलं नसतं. माझ्या घरात तरी कुठं कळलं. माझी बायको खेळ बंद होईपर्यंत म्हणायची, "चालले का तुमचे ते पत्ते खेळायला?"

हे मी तुझं कौतुक करायला लिहीत नाही. कौतुक करणारी माणसं दिवसाला आली, जेवली आणि गेली. मला तुझ्याशी भांडायचंय. सहा वर्षं आपण एकाच गोष्टीवरून भांडलो, आणि माझी पाळी आली तेव्हा तू निघून गेलास.

तुझी-माझी ओळखच मुळी न सांगण्यावरून झाली. मला जनावरांकडून ताप लागला होता. पशुधन पर्यवेक्षकाची नोकरी म्हटल्यावर हे कधीतरी होणारच. महिनाभर संध्याकाळ झाली की अंग तापायचं. डॉक्टरनं तुझ्याकडं रक्त द्यायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर विचारलं, "काय निघालं?" तू पाकीट चिकटवलंस आणि म्हणालास, "डॉक्टरला दाखवा." मी म्हणालो, "अहो, मी पण निम्मा डॉक्टर आहे, म्हशींचा का असेना. सांगा की." तू नुसता हसलास. मी त्या पाकिटाकडं बघत बसलो, तेव्हा टेबलावर मला ते फासे दिसले. एक चार तोंडांचा, एक आठ, एक वीस. मी विचारलं हे काय, आणि त्यावर मात्र तू तासभर बोललास. रिपोर्टवर एक शब्द नाही, फाशांवर तासभर.

पुण्यात लॅबचा कोर्स करताना हॉस्टेलवर तू तो खेळ शिकला होतास. एक जण गोष्ट सांगणार, तो गेम मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं. समोर दार आहे, आत उजेड आहे, काय करतोस, असं तू विचारणार. आम्ही सांगणार, फासा पडणार, आणि गोष्ट पुढं सरकणार. राजवाडे, राक्षस, मंत्र, सगळं त्यात. लॅबच्या वरच्या खोलीत आपण बसायला लागलो. टायरच्या दुकानातला सलीम आला. आयुष्यात कुणाचा नटबोल्ट इकडचा तिकडं न केलेला माणूस, त्यानं चोर व्हायचं ठरवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली वैशाली हिमोग्लोबिन तपासायला आली होती, ती तिरंदाज तारा झाली. मी केरबा नावाचा पुजारी झालो. तू आमचा मास्टर, आणि सलीमचा उस्ताद.

पुजाऱ्याच्या हातात एक अवघड ताकद असते, हे तू मला निवडू द्यायच्या आधी सांगायला हवं होतंस. पुजारी थोडा मोठा झाला की देवाला प्रश्न विचारू शकतो, आणि देवाला उत्तर द्यावं लागतं. आपण त्याला कौल म्हणायचो. बाकी कुणी तलवार चालवली, आग लावली, तरी तुझी गोष्ट शाबूत राहायची. माझ्या एका प्रश्नानं मात्र तू दोन महिने दडवून ठेवलेलं सगळं उघडं पडायचं.

पहिला कौल आठवतो का? गावाच्या विहिरीत कुणी विष घातलंय, ते आम्ही शोधत होतो. मी म्हणालो, "केरबा देवाला विचारतो, विष कुणी घातलं?" तू पाण्याची बाटली उघडलीस, पुन्हा लावलीस. मग आवाज जड करून म्हणालास, "जो पाणी देतो, तोच तहान लावतो."

मी म्हणालो, "हा देव हाय का पोपटवाला ज्योतिषी? कसंबी पडलं तरी खरंच."

"देवानं सरळ सांगितलं तर पुढं खेळायचं काय, इलास?"

"मग ही ताकद दिलीसच कशाला? सलीमची तलवार तू कधी बोथट करतोस का?"

चहा गार झाला. सलीम म्हणाला, "छोडो ना रे, उस्ताद बोल्या तो बोल्या." वैशाली मात्र माझ्या बाजूची होती. देवाला माहीत नसेल तर तसं म्हणावं, माहीत असून फिरवून बोलायचं हे तिला पटत नव्हतं.

तू आठवडाभर त्यावर विचार केलास. हे मी कबूल करतो, आणि यासाठी तुझा ऋणी पण आहे. कुणाचंही म्हणणं असं मनाला लावून घेणारी माणसं फार थोडी असतात. पुण्याच्या जुन्या मित्रांना तू फोन केलेस, ते काय करतात विचारलंस. एक जण पुठ्ठ्याआड गुपचूप फासा टाकायचा, वाईट पडला की देव खोटं सांगायचा. दुसऱ्याचा देव जास्त विचारलं की कोपायचा. तिसऱ्याच्या देवाला कायम धुकंच दिसायचं. तुला यातलं काहीच आवडलं नाही. पुढच्या रविवारी तू म्हणालास, "त्या जगात तुमाला जे दिसतंय, ऐकू येतंय, ते सगळं माझ्या तोंडनं. तिथं देवच खोटं बोलला तर मग तुमी माझ्या कुठल्या शब्दाला धरून चालायचं?"

मग तू नवा देव आणलास. त्याचं नाव ऐकता. त्याला कान आहेत, तोंड नाही, त्यामुळं कोडी घालायची सोयच नाही. तेरला पाहुण्यांकडं गेला होतास, तिथून तेरणेतले दोन गोटे आणलेस. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. देवाला माहीतच नसेल तर एकही गोटा पुढं येणार नाही, आणि तू तुझ्या घरच्या कानडीत म्हणणार, "गोत्तिल्ला," म्हणजे ठाऊक नाही. त्यावर आम्ही दरवेळी हसायचो. चार रविवारांतून एक कौल. आणि एक शब्द तू दिलास, टेबलावर हात ठेवून: ऐकता कधी खोटं सांगणार नाही.

त्यानंतरची तीन-चार वर्षं फार चांगली गेली, शिवलिंग. हे पण लिहिलं पाहिजे, नाहीतर मीही लबाड ठरेन. तू गोष्टच वेगळी रचायला लागलास. खरं उत्तर मिळालं तरी जी मोडणार नाही अशी. पाटलानं केलं का? काळा गोटा. पाटलाच्या घरातल्या कुणी? पांढरा. आता कळलं, पण पाटलाच्या म्हाताऱ्या आईला जाऊन कोण सांगणार, तिच्या पोटच्या पोरीनं विहीर नासवली म्हणून? कळल्यावरच आमची खरी पंचाईत व्हायची. तू म्हणायचास, "लॅबमधी रोज बघतो की. रिपोर्ट आला की गोष्ट संपत न्हाय. तिथनं सुरू होते." मी शाळेत मार्क मिळवले, नोकरी मिळवली, पण आठवड्यातून चार तास इतकं डोकं लावून मी दुसरीकडं कुठंच बसलो नाही.

मग पुलाचा दिवस आला.

दरीवर एक जुना पूल होता. पलीकडं आम्हाला जायचं होतं. माझा एक कौल शिल्लक होता. मी विचारलं, "हा पूल पक्का आहे का?" तू पांढरा गोटा ठेवलास. तारा पुढं होती. पूल पक्काच होता. पलीकडच्या काठावर मारेकरी दबा धरून बसले होते. तीन फासे वाईट पडले आणि तारा मेली. वैशाली चार वर्षं तारा होती. तिनं ताराची सगळी माहिती लिहिलेला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि "बस हाय माझी" म्हणून निघाली. दोन महिने आली नाही.

ती गेल्यावर मी तुला धरलं.

"तुला म्हाईत होतं पलीकडं कोण हाय ते."

"तू पूल इचारलास. पूल पक्का होता."

"देव म्हणजे तूच ना? मग सांगायला काय झालं होतं?"

तू फासे पिशवीत भरत होतास. न थांबता म्हणालास, "न इचारलेलं सांगणं हे देवाचं काम न्हाय, इलास. ते माणसाचं काम हाय."

तो वाद तिथंच राहिला. महिन्या-दोन महिन्यांनी आपण तो पुन्हा काढायचो, थोडं भांडायचो आणि ठेवून द्यायचो. वैशाली परत आली, नवं पात्र घेतलं, पण पुन्हा कधी पुढं चालली नाही.

आता गेल्या वर्षाचं.

येळवसेला, मार्गशीर्ष अमावस्येच्या शेतातल्या पूजेला, तू माकणीला माझ्याकडं आलास. वहिनी, लेक नंदिनी, तुझी आई, म्हणजे अव्वा, सगळे. ज्वारीच्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली. माझ्या आईनं तुला भज्जी वाढली, उंडे वाढले, आंबिलाचा तांब्या पुढं ठेवला. दरवर्षी दोनदा मागून घेणारा तू, चार घास खाऊन उठलास. दंडावर निळा डाग होता. मी विचारलं, तू म्हणालास लॅबचा फ्रीज सरकवताना लागलं. मी विचारलं, खात का नाहीस, तू म्हणालास, "शुगर निघाली, इलास. तोंड आवरतोय." मी मान हलवली. गोठ्यात शंभर पावलांवर उभी असलेली म्हैस कान कसे ठेवते यावरून तिला ताप आहे हे मी ओळखतो. तू माझ्या मांडीला मांडी लावून बसला होतास.

पुढं तू दोन रविवार चुकवलेस. कधी पाहुणे, कधी मशीन बिघडलं. शिवरात्र झाली, त्याच्या पुढच्या रविवारी आपण बसलो. तू बारीक झाला होतास, शर्टाची कॉलर गळ्याभोवती मोकळी दिसत होती. गोष्टीत आम्ही डोंगराच्या पायथ्याशी होतो. आटलेल्या नदीचा उगम त्या डोंगरात होता. सहा वर्षं आम्ही त्याच्याच शोधात होतो. माझ्या मनात काहीतरी सलत होतं. ते सरळ विचारायची मला लाज वाटली. दोन पुरुष एकमेकांना असं कुठं विचारतात? म्हणून मी केरबाला पुढं केलं.

मी म्हणालो, "केरबा कौल लावतो. आपण चौघं ही गोष्ट शेवटाला नेणार का?"

सलीमनं मान खाली घातली. ते मला तेव्हा दिसलं, त्याचा अर्थ नंतर कळला. तू दोन्ही गोटे मुठीत धरलेस. खालून ट्रक जात होते. मग तू पांढरा गोटा टेबलावर ठेवलास.

त्या दिवशी मी मोटारसायकलवरून माकणीला निवांत गेलो. मला खरंच बरं वाटलं होतं. ऐकता खोटं बोलत नाही.

त्यानंतर तुला घाई सुटली. तू आठवड्याला दोनदा बोलवायला लागलास. ज्या डोंगरावर चढायला आम्हाला वर्ष लागलं असतं, तो तू तीन बैठकांत संपवलास. जी माणसं तू इतक्या निगुतीनं उभी केली होतीस ती एका वाक्यात मरायला लागली. पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही उगमाशी पोचलो. तिथं एक दगड होता, तो सरकवला, पाणी आलं, आणि तू म्हणालास, "संपली."

वैशालीनं टाळ्या वाजवल्या, अर्धवट. मी म्हणालो, "ही काय गोष्ट संपवायची रीत झाली? बाजार उठताना भाजीवाला ढीग विकतो तसं केलंस. सहा वर्षं मातीत घातलीस."

तू म्हणालास, "संपली तर खरी ना."

"यापेक्षा अर्धी राहिली असती तर बरं होतं," मी म्हणालो आणि जिना उतरलो. तुझ्याकडं वळून बघितलं नाही. तीन आठवडे फोन केला नाही. तू पण केला नाहीस.

चौथ्या आठवड्यात सलीमचा फोन आला, सोलापूरच्या दवाखान्यातून. मी पोचलो तेव्हा तुझ्या हातात सुया होत्या, ओठ फुटले होते. वहिनी बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. त्यांना दोन दिवसांपूर्वी कळलं होतं, तू लॅबमध्ये चक्कर येऊन पडलास तेव्हा. तू डोळे उघडलेस. मला बघून विचारलंस, "घटसर्पाच्या लसी झाल्या का?"

"चालू हायेत," मी म्हणालो.

"पावसाच्या आधी उरक," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस.

एवढंच आपलं शेवटचं बोलणं. पाऊस, लस, जनावरांचा घटसर्प. बाहेर आल्यावर मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "चार-पाच महिने आधी यायला हवं होतं. यातले बरेच पेशंट बरे होतात. यांना आम्ही संक्रांतीलाच सांगितलं होतं, लगेच भरती व्हा." संक्रांतीला. पाच दिवसांनी तू गेलास.

तुला मूठमाती देताना मला रडू आलं नाही. रडलो ते लॅब रिकामी करताना. दुकानमालकाला जागा हवी होती, म्हणून सलीम आणि मी सामान आवरत होतो. तुझं नमुन्यांचं रजिस्टर मी सहज चाळलं. दिवाळीनंतरच्या पानावर तुझ्या त्या तिरक्या अक्षरात एक नाव होतं. केरबा. वय एकोणचाळीस, तुझंच. पुढं पांढऱ्या पेशींचा आकडा, आणि त्याखाली लाल पेनानं दोन रेघा. चार पानांनंतर पुन्हा केरबा. आणखी सहा पानांनंतर पुन्हा.

स्वतःचं रक्त स्वतः काढलंस, काचेवर पसरलंस, मायक्रोस्कोपखाली बघितलंस, विश्वास बसला नाही म्हणून तीनदा बघितलंस, आणि नळीवर माझं नाव लिहिलंस. जगातली सगळी नावं मोकळी होती. तुला तेच का सापडलं, हे मला विचारायचंय. प्रश्न पुजारीच विचारतो म्हणून? का मला कधीतरी ते दिसावं म्हणून? गोत्तिल्ला म्हणायलाही तू नाहीस.

मी रजिस्टर सलीमपुढं धरलं. तो खुर्चीवर बसला.

"मेरेकू मालूम था," तो म्हणाला. "संक्रांतीला मीच नेलतं गाडीनं. कसम घातली उस्तादनं. म्हणला, एकदा आजाराचं नाव लागलं की मी माणूस राहत न्हाय, केस होतो. रोज बघतो म्या. थोडे दिवस माणूस राहू दे."

"मग संक्रांतीला भरती का न्हाय झाला?"

"भ्याला. महिनाभर मी पाठी लागलो, मग कबूल झाला. शिवरात्रीनंतर सोमवारी जायचं ठरलतं. बॅग भरली होती, माझ्या दुकानात ठेवली होती."

सोमवार. त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी सलीमकडं बघितलं. त्याला माझ्या मनात काय आलं ते कळलं.

"तसं काय न्हाय, इलास," तो घाईनं म्हणाला. "उस्ताद आधीपासून टाळत होता. तुझ्या कौलामुळं न्हाय."

"सोमवारी काय म्हणला?"

सलीमनं माझ्या हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाला, "म्हणला, गोष्ट संपवतो आधी. शब्द दिलाय. दोन महिन्यानं काय फरक पडत न्हाय."

तर हे असं आहे, शिवलिंग. तू खोटं बोलला नाहीस. मी गोष्टीचं विचारलं होतं, तू गोष्ट शेवटाला नेलीस, ओढत, फरफटत, रक्त आटत असताना नेलीस, आणि मी तुला भाजीवाला म्हणालो. पूल पक्का होता. पलीकडं कोण बसलंय ते मी विचारलं नव्हतं.

पण तूच म्हणाला होतास ना, न विचारलेलं सांगणं हे माणसाचं काम आहे? मग त्या टेबलाच्या पलीकडं एक माणूस पण बसला होता. दोन्ही गोटे बाजूला ठेवून त्यानं म्हणायचं होतं, "इलास, उद्या मला सोलापूरला भरती व्हायचंय. चल संगं." एवढंच. मी आलो असतो. तू भ्याला होतास, तुला जायचं नव्हतं, एखादं निमित्त पाहिजे होतं, आणि ते मी माझ्या तोंडानं तुझ्या हातात दिलं. मग तू त्या निमित्ताला शब्द म्हणालास, वचन म्हणालास. भित्रेपणाला इतकं चांगलं नाव देऊन तू मेलास की तुझ्यावर नीट रागावताही येत नाही. तरी मी रागावलोय. आणि ज्याला केरबाच्या आडून विचारावं लागलं, त्या माझ्यावर पण.

सलीमशी मी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी माझ्या गाडीचं चाक पंक्चर झालं आणि त्याच्याकडंच जावं लागलं. त्यानं चाक काढलं, मी पाना धरला. आता आम्ही बोलतो, पण तुझ्याविषयी नाही. वैशालीला मी काही सांगितलेलं नाही. तिनं ताराचा कागद अजून ठेवलाय म्हणे.

वहिनी मात्र माझ्याशी बोलत नव्हत्या. दिवसाच्या जेवणालाच त्यांनी विचारलं होतं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, भाऊजी? दर रविवारी तुमच्यापाशी असायचे." मी म्हणालो, नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान फिरवली. तुझ्या न सांगण्यानं मी तुझ्याच घरात खोटारडा झालो. अव्वांनी सुद्धा माझ्या नमस्काराला हात वर केला नाही.

काल लॅबची चावी आणि तुझी सर्टिफिकिटं द्यायला मी घरी गेलो. दुपारची वेळ. अव्वा आत पडल्या होत्या. वहिनी सोप्यात तुरीची डाळ निवडत होत्या. मी पिशवी ठेवली, निघालो. मागून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही डॉक्टरांशी बोलला होता म्हणं."

"व्हय."

"मग मला एकच सांगा. मी दुसरं काही विचारणार नाही. संक्रांतीलाच त्यांनी मला सांगितलं असतं, मी नेलं असतं, तर वाचले असते का?"

सहा वर्षं मी तुझ्याशी भांडलो. ज्याला माहीत आहे त्यानं सगळं सांगावं. अर्धं सांगणं म्हणजे मारणंच. मी हे किती वेळा म्हणालोय, त्या खोलीच्या भिंतींना पाठ असेल.

मी म्हणालो, "न्हाय, वहिनी. हा आजार तसलाच असतो. कधीबी कळलं असतं तरी एवढंच."

त्यांचे हात सुपात थांबले. "म्हणजे माझी काही चूक नाही," त्या म्हणाल्या.

"न्हाय."

त्या पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. खूप वेळ. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "बसा, चहा टाकते." महिनाभरात त्या घरात मला कुणी चहा विचारला नव्हता. मी बसलो.

ते 'न्हाय' मी त्यांच्यासाठी म्हणालो की माझ्यासाठी, हे मला सांगता येत नाही. 'हो' म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की मग संक्रांतीला कळूनही ते पाडव्यापर्यंत का थांबले. त्याचं उत्तर सलीमकडं आहे आणि माझ्याकडं. यावरून तू बरोबर होतास असं मात्र समजू नकोस. तू गप्प राहून गेलास, आणि तुझ्या वाटणीचं खोटं मला बोलावं लागलं.

चहा पीत होतो तेवढ्यात नंदिनी शाळेतून आली. दप्तर ठेवलं, आईचे रडलेले डोळे बघितले, मग माझ्याकडं बघितलं. सातवीत आहे. तुझ्यासारखीच आधी सगळं बघून घेते, बोलत काही नाही. पाणी प्यायली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"काका," ती म्हणाली, "आईनं तुम्हाला काय विचारलं?"